गुगल अर्थ प्रो: लाँच पॅड, चंद्र आणि मंगळ बघायला कसं आहे?

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कम्प्युटरवर इन्स्टॉल करायच्या गुगल अर्थ प्रोचा आहे, ब्राउझरमध्ये उघडतं त्या गुगल अर्थचा नाही. नाव जवळपास एकच असल्याने लोकांचा जाम गोंधळ होतो, कोणीतरी सांगतं अरे त्यात चंद्र पण आहे, मग माणूस ब्राउझरमध्ये उघडून चंद्र शोधत बसतो, सापडत नाही, आणि शेवटी वैतागून बंद करतो. चंद्र, मंगळ आणि आकाश असे वेगळे मोड डेस्कटॉपवाल्या प्रोमध्येच आहेत. वरच्या टूलबारवर कडं असलेल्या ग्रहाचं बारीकसं आयकॉन आहे, त्यावर क्लिक केलं की यादी उघडते. प्रो आधी वर्षाला पैसे भरून घ्यावं लागायचं, २०१५ पासून फुकट आहे, त्यामुळे नाव बघून बिचकू नका.

मी हे जवळजवळ एकाच कामासाठी वापरतो, अंतराळाशी संबंध असलेल्या जागा धुंडाळायला. आणि माझं मत विचाराल तर याची खरी मजा चंद्र-मंगळात नाहीच, ती पृथ्वीवर आहे. चंद्र आणि मंगळ छान आहेत, त्यावर येतोच, पण माणसाने अंतराळात जायला जमिनीवर जे काही खणलं, बांधलं, सोडून दिलं आणि परत बांधलं ते वरून बघण्यासारखं दुसरं साधन माझ्या तरी माहितीत नाही.

सुरुवात फ्लोरिडातल्या नासाच्या केनेडी स्पेस सेंटरपासून करा. रॉकेट जोडतात ती व्हेइकल असेंब्ली बिल्डिंग लगेच ओळखू येते, १६० मीटर उंच ठोकळा आहे, आसपास त्याच्या तोडीचं काही नाहीच. पण खरं बघायचं ते तिथून रॉकेट उडतं त्या पॅडकडे जाणारा रस्ता. दोन रुंद समांतर पट्टे, मधे मोकळी पट्टी, वर नदीतल्या गोट्यांचा थर. यावरनं क्रॉलर नावाची राक्षसी गाडी उभं रॉकेट घेऊन जाते, तेही ताशी दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने. रूलर काढा आणि मोजा, ३९ए पॅडपर्यंत साधारण साडेपाच किलोमीटर भरतं, म्हणजे आपण चालत गेलो तरी क्रॉलरच्या आधी पोचू. मग कॅमेरा तिरका करून पॅडच्या पायथ्याशी या, शेवटी चढ दिसतो, पॅड मैदानापेक्षा चांगलंच वर आहे. त्या चढावर रॉकेट कलू नये म्हणून क्रॉलर आपला वरचा प्लॅटफॉर्म स्वतः सपाट धरून ठेवतो. हे वाचलं होतं कितीदा तरी, पण चढ डोळ्याने बघितल्यावर कळतं की हे केवढं अवघड काम आहे ते.

तिथेच शेजारी ३९बी आहे. इथे घड्याळाचं आयकॉन दाबा, जुन्या तारखांचे फोटो उघडतात, आणि या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, बाकी काही नाही वापरलंत तरी हे वापरा. स्लायडर मागे नेला की स्पेस शटलचा लोखंडी टॉवर दिसतो, पुढे आणला की तो गायब, २०११ मध्ये पाडला, आणि मोकळं पॅड राहतं, भोवती विजेपासून वाचवणारे तीन उंच मनोरे. मनोऱ्यांच्या सावल्या एवढ्या लांब पडतात की मनोरे नंतर दिसतात, सावल्या आधी. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नासाचं चंद्राकडे जाणारं आर्टेमिस १ इथूनच उडालं. तिथून किनाऱ्याने खाली दक्षिणेकडे सरकत या, एकामागून एक जुन्या पॅडचे गोल दिसत राहतात, काही वापरात, काहींवर झुडपं माजलेली. त्यात ३४ नंबरचं शोधा. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ ला सरावात आग लागून तीन अंतराळवीर गेले ते इथे. आता तिथे चार पायांवर उभा असलेला काँक्रीटचा एक चौथरा राहिलाय, मधे गोल भोक, बाकी सगळं मोकळं.

एक गंमत करून बघा, जगातले मोठे लाँच पॅड एकेक करून पिन करा आणि मग पूर्ण झूम आउट करा. फ्लोरिडा, फ्रेंच गयानातलं कुरू, श्रीहरिकोटा, जपानचं तानेगाशिमा, सगळे पूर्वेला समुद्र असलेल्या किनाऱ्यावर. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तिचा वेग फुकटात मिळतो, आणि काही बिघडलं तर तुकडे पाण्यात पडतात. कुरू तर विषुववृत्ताला इतकं जवळ आहे की उपग्रह कंपन्या तिथे का जातात ते पिन बघूनच समजतं. आणि मग कझाकस्तानातल्या बायकोनूरची पिन, सगळ्यांपासून फटकून, मध्य आशियात, समुद्राचा पत्ता नाही. तिथून उडालेल्या रॉकेटचे खालचे टप्पे जमिनीवरच पडतात.

बायकोनूरला मात्र सवडीने जा, घाईत बघायची जागा नाही ती. सगळ्यात आधी अंतराळात गेलेल्या पहिल्या माणसाचं, गागारिनचं पॅड, १२ एप्रिल १९६१ वालं. पॅड एका प्रचंड खड्ड्याच्या काठावर लटकल्यासारखं आहे, रॉकेटची आग त्या खड्ड्यात जाते. वायव्येला सरकलं की ११० नंबरची साइट येते. इथे सोव्हिएत लोकांचं चंद्रावर जायचं एन१ रॉकेट होतं, चार वेळा उडवलं आणि चारही वेळा फसलं, त्यातलं दुसरं जुलै १९६९ मध्ये, अपोलो ११ च्या थोडेच दिवस आधी, पॅडवरच कोसळलं आणि पॅडची पार वाट लागली. नंतर तीच जागा बुरान या सोव्हिएत शटलसाठी वापरली, १५ नोव्हेंबर १९८८ ला ते एकदाच उडालं, माणसाशिवाय, आणि आपलं आपण उतरलं. त्याची धावपट्टी पण दिसते, साडेचार किलोमीटर लांब. आणि ज्या इमारतीत ते बुरान ठेवलं होतं तिचं छप्पर २००२ मध्ये कोसळलं, आठ माणसं गेली आणि यानाचाही चुरा झाला. एवढा सगळा इतिहास माळरानावर उघडा पडलाय, आणि तुम्ही खुर्चीत बसून त्यावरनं घिरट्या घालताय.

श्रीहरिकोटा पण नीट बघण्यासारखं आहे. एका बाजूला पुलिकत सरोवर, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर आणि मधे झाडीने भरलेलं बेट. दोन पॅडमधला फरक वरून ओळखता येतो का बघा. पहिल्या पॅडवर मूळ पद्धत रॉकेट जागेवरच जोडायची, चाकांवरचा मोठा टॉवर रॉकेटभोवती असतो आणि उड्डाणाआधी मागे सरकतो. दुसऱ्या पॅडला रॉकेट वेगळ्या इमारतीत जोडून मग रुळांवरनं उभंच्या उभं पॅडवर आणतात, ते रूळ स्पष्ट दिसतात. तसंच केरळात थुंबा, इथून नोव्हेंबर १९६३ मध्ये पहिलं रॉकेट उडालं, नाइके-अपाचे. जागा निवडली कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून अगदी जवळून जातं. ज्या चर्चमध्ये शास्त्रज्ञांनी सुरुवातीला काम केलं ते आजही उभं आहे, आता म्युझियम झालंय.

आता रेडिओ दुर्बिणी. प्वेर्तो रिकोतली अरेसिबो, ३०५ मीटरची थाळी, डोंगरातल्या नैसर्गिक खड्ड्यात बसवलेली. १ डिसेंबर २०२० ला वर टांगलेला प्लॅटफॉर्म खाली कोसळला आणि थाळी फाटली. स्लायडरने आधीचं आणि नंतरचं बघा, मन खट्टू होतं खरंच. त्यापेक्षा आनंदाचं बघायचं तर न्यू मेक्सिकोतली व्हेरी लार्ज अ‍ॅरे, २७ अँटेना, प्रत्येक २५ मीटरची, तीन हातांवर मांडलेल्या. या अँटेना रुळांवरनं हलवतात आणि दर काही महिन्यांनी रचना बदलतात. कधी सगळ्या मधे दाटीवाटीने एका किलोमीटरच्या आत, कधी ३६ किलोमीटरवर फाकलेल्या. त्यामुळे वेगवेगळ्या तारखांच्या फोटोत त्या वेगवेगळ्या जागी सापडतात, आणि एखाद्या तारखेला हाताच्या टोकाला नुसते रिकामे काँक्रीटचे ओटे. मी एकेक तारीख लावून ओटे तपासत बसतो, हे करून काही मिळत नाही, पण वेळ कसा जातो कळत नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत असा खेळ करता येत नाही, तिथल्या ४५ मीटरच्या ३० अँटेना जागच्या हलत नाहीत, आणि जाळीच्या असल्यामुळे वरून इतक्या फिकट दिसतात की आधी सावली शोधायची आणि मग अँटेना.

दोन विचित्र जागा सांगतो ज्या कुठल्या टूरच्या यादीत फारशा नसतात. दोन्ही अ‍ॅरिझोनात. एक, कासा ग्रांदेच्या आसपास शेतांच्या कोपऱ्यांवर काँक्रीटचे मोठे क्रॉस पडलेत, १८ मीटर रुंद, एकमेकांपासून मैल-मैल अंतरावर. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेरगिरी उपग्रहांचे कॅमेरे तपासायला बसवले होते, सगळे आता राहिले नाहीत, पण एक सापडला की सरळ रेषेत मैलभर पुढे सरकायचं आणि दुसरा मिळतो का बघायचं. दुसरी जागा फ्लॅगस्टाफजवळचं सिंडर लेक. ज्वालामुखीच्या राखेचं मैदान, १९६७ मध्ये तिथे सुरुंग लावून मुद्दाम खड्डे पाडले, चंद्रावरच्या सी ऑफ ट्रँक्विलिटीच्या एका तुकड्याची नक्कल, अपोलोच्या लोकांना सराव करायला. आता बरेच झिजलेत, ज्या तारखेला ऊन तिरकं आहे ती निवडा म्हणजे सावल्यांमुळे जरा उठून दिसतात.

आणि पॉइंट निमो, जिथून जमीन सगळ्यात लांब आहे ती दक्षिण पॅसिफिकमधली जागा, २,६८८ किलोमीटर. निवृत्त याने त्या भागात पाडतात, मीर स्टेशनही २००१ मध्ये दक्षिण पॅसिफिकमध्येच पाडलं. तिथे जाऊन काय दिसतं? निळा रंग. झूम केला की आणखी निळा रंग. तरी सगळे एकदा जातातच.

बरं, चंद्र. २० जुलै २००९ ला, अपोलो ११ ला ४० वर्षं झाली त्या दिवशी हा मोड आला. अपोलोच्या सगळ्या सहा उतरण्याच्या जागा आहेत, यानांचे थ्रीडी मॉडेल, अंतराळवीर कुठून कुठे फिरले त्याच्या रेषा, त्यांनी काढलेले पॅनोरामा ज्यात शिरून आजूबाजूला बघता येतं, आणि बझ ऑल्ड्रिन आणि जॅक श्मिट या अपोलोच्या अंतराळवीरांच्या आवाजातल्या टूर. सगळ्यात जास्त शिकवून जातात त्या रेषा. अपोलो ११ ची रेषा यानाभोवतीच घोटाळते, आर्मस्ट्राँग सगळ्यात लांब गेला तो साधारण ६० मीटर. तेच झूम न बदलता अपोलो १७ वर जा, रेषा स्क्रीनबाहेर निघून जाते, गाडी घेऊन ते यानापासून साडेसात किलोमीटरवर गेले होते. तीन-साडेतीन वर्षांत एवढी मजल, हे आकड्यात वाचून इतकं पटत नाही. अपोलो १५ ची जागा तर नुसती बघायला म्हणून पण बघा, एका बाजूला हॅडलीची वळणावळणाची घळ आणि समोर डोंगर, कॅमेरा जमिनीपर्यंत खाली आणा.

चांद्रयान ३ ची जागा स्वतः टाकायची, दक्षिण ६९.३७, पूर्व ३२.३२. टाकली की एक गोष्ट लक्षात येते जी बातम्यांमध्ये कायम गुळमुळीत राहिली, "दक्षिण ध्रुवावर उतरलं" असं सगळे म्हणाले पण रूलरने मोजलं तर ध्रुव तिथून सहाशे किलोमीटरहून लांब आहे. त्याने कामगिरी काही कमी होत नाही, इतक्या दक्षिणेला त्याआधी कोणी अलगद उतरलं नव्हतं, पण ग्लोबवर बघितल्यावर चित्र डोक्यात नीट बसतं.

चंद्राची अडचण म्हणजे फोटोतल्या सावल्या फोटोतच पक्क्या बसलेल्या आहेत, सूर्य हलवून बघता येत नाही. आणि अपोलोच्या जागा सोडून बाकी ठिकाणी फार जवळ गेलं की सगळं साबणासारखं गुळगुळीत होतं. ज्याला खरंच बारीक बघायचंय, यानाची सावली, गाडीच्या चाकोऱ्या, त्याने एलआरओसीचं क्विकमॅप ब्राउझरमध्ये उघडावं, लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरचे फोटो त्यात आहेत. दिसायला एवढं मोहक नाही, पण माल अस्सल आहे.

मंगळ २००९ च्याच फेब्रुवारीत आला, आणि तिथे दिवाळी आणि शिमगा एकत्र आहे. चांगलं काय, तर लेयर. साधा रंग, इन्फ्रारेड, उंचीप्रमाणे रंगवलेला नकाशा, शिवाय शियापारेली आणि लोवेल या जुन्या खगोलशास्त्रज्ञांचे नकाशे, ज्यात मंगळावर कालवे काढलेत. लोवेलचा नकाशा चालू करायचा, मग त्याची पारदर्शकता हळूहळू कमी करत खाली खरा मंगळ बघायचा, जिथे एवढ्या आत्मविश्वासाने सरळ रेषा मारल्यात तिथे खाली काहीच नसतं. सायडोनियातला तो चेहरा पण बघून घ्या, १९७६ च्या व्हायकिंगच्या फोटोत चेहरा दिसला होता, जरा बरा कॅमेरा गेल्यावर टेकडी निघाली.

ऑलिंपस मॉन्सबद्दल आधीच मनाची तयारी करा. सूर्यमालेतला सगळ्यात उंच ज्वालामुखी म्हणून जाल, २२ किलोमीटरच्या आसपास उंची, आणि समोर काय, तर पसरट ताटली. सहाशे किलोमीटर रुंद असल्यामुळे उतार जेमतेम पाच अंशांचा आहे, खाली उभं राहिलात तर शिखर दिसणारच नाही, क्षितिजाआड जाईल. सेटिंगमध्ये उंची वाढवून दाखवायचा आकडा आहे, तीनपर्यंत जातो, तो वाढवला की डोंगर डोंगरासारखा दिसतो, पण ते खोटं आहे, बघून झालं की परत एकवर आणा. त्यापेक्षा व्हॅलेस मरिनेरिसमध्ये उतरा, चार हजार किलोमीटर लांब दरी, काही ठिकाणी सात किलोमीटर खोल, इथे काही वाढवायची गरज पडत नाही. शिमगा म्हणजे हा मोड आला तेव्हा नव्याचे नऊ दिवस होते, पुढे गुगलचं त्याकडे लक्ष कमी झालं ते झालंच. हल्लीच्या रोव्हरसाठी नासाचं मार्स ट्रेक जास्त उपयोगाचं आहे.

आकाशाचा मोड एका ओळीत, बघू नका, स्टेलेरियम नावाचं तारे दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा.

राहिली मॉडेलं, माझा आवडता भाग आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारा. पूर्वी लोक स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इमारती, रॉकेट, काय काय बनवून टाकायचे आणि ते ग्लोबवर दिसायचं, २०१२ पासून विमानातून घेतलेल्या फोटोंवरून आपोआप तयार होणारं थ्रीडी आलं आणि ती हौशी लोकांची मेहनत मागे पडली. आता मॉडेल आपणच टाकायचं. नासाच्या साइटवर फुकट मॉडेलं मिळतात, पण प्रोला कोलाडा फॉरमॅट लागतो, त्यामुळे बऱ्याचदा आधी रूपांतर करावं लागतं, आणि इथे मापाचं एकक बघा, एका साइटवरून घेतलेलं सॅटर्न ५, म्हणजे अपोलोचं रॉकेट, इंचांना मीटर समजून उघडलं आणि चार किलोमीटरहून उंच होऊन उभं राहिलं. खरं सॅटर्न ५ साधारण ११० मीटर आहे, ते नीट मापात ३९ए वर उभं करून शेजारच्या असेंब्ली बिल्डिंगकडे बघितलं की ती बिल्डिंग एवढी मोठी का बांधली ते समजतं.

अजून एक करा. स्पेस स्टेशनचं मॉडेल घ्या, खरं स्टेशन १०९ मीटर रुंद आहे, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढं. आधी एखाद्या मैदानावर ठेवून माप बघा, मग उंची ४,००,००० मीटर करा, जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून मोजायचा पर्याय निवडून. आणि मागे या. आपल्या डोक्यात स्टेशन म्हणजे लांब कुठेतरी तरंगतंय असं असतं, प्रत्यक्षात ते पृथ्वीच्या सालीला चिकटल्यासारखं आहे. मग ३५,७८६ किलोमीटरवर विषुववृत्तावर एक पिन टाका, टीव्हीचे उपग्रह असतात ती उंची, आणि दोन्हीतला फरक बघा.

हे सगळं करताना केएमएल फाइल, म्हणजे पिना आणि मॉडेलांच्या जागा ज्यात साठतात ती, हाताने उघडायची वेळ येतेच. केएमझेड म्हणजे त्याचीच नुसती झिप आहे, नाव बदलून उघडली की आत साधा मजकूर असलेली फाइल मिळते, त्यात जागेचे तीन आकडे असतात आणि त्यांचा क्रम आधी रेखांश, मग अक्षांश, मग उंची असा आहे, म्हणजे आपण बोलतो त्याच्या उलट. उलटं टाकलंत तर श्रीहरिकोटा आर्क्टिक समुद्रात जातं. फाइलमध्ये कुठला ग्रह तेही लिहिता येतं, ते नाही लिहिलं तर चंद्राच्या पिना पृथ्वीवर उमटतात आणि अपोलो ११ थेट आफ्रिकेत उतरतं.

शनी, गुरूचे चंद्र, यानांचे मार्ग असलं काही हवं असेल तर ते इथे नाहीच, त्यासाठी सेलेस्टिया किंवा नासाचं आइज बघा. आणि पिना जमवायला लागलात की त्या तुमच्या कम्प्युटरवर मायप्लेसेस नावाच्या एकाच फाइलमध्ये साठतात हे लक्षात ठेवा, कम्प्युटर फॉरमॅट केला की सगळं साफ. डावीकडे माय प्लेसेसवर राइट क्लिक, सेव्ह प्लेस अ‍ॅज, आणि कॉपी दुसरीकडे ठेवा.